माकुलाच्या शाईतली प्रार्थना

जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रिडरिशचं १८०५ सालचं एक चित्र आहे: झाडांखालून क्रुसाकडे निघालेले यात्रेकरू. जर्मनीतल्या वायमारमध्ये कवी गटेने भरवलेल्या स्पर्धेचा विषय होता हर्क्युलिस. फ्रिडरिशने पाठवलं हे आणि आणखी एक निसर्गचित्र, तरी बक्षिसात वाटा मिळाला. वेळ पहाटेची की सांजेची, यावर अजून एकमत नाही. सगळं एकाच तपकिरी रंगात, ठरणार तरी कसं?

तो रंग म्हणजे सेपिया, माकुलाची शाई. ती घरी करायची तर ज्याच्या पोटात समुद्रफेस असतो ते माकूल घ्या. बाजारात साफ करून घेताना आधीच सांगा, "मावशी, काळी पिशवी फोडू नका." फुटली की शाई गेलीच. पिशवी सावलीत कडक वाळवून खलात कुटायची. जुने कारागीर ही पूड क्षाराच्या (अल्कलीच्या) पाण्यात विरघळवून गाळत, मग सौम्य आम्लाने तळाला बसवून धूत. धुणं टाळू नका. मीठ राहिलं तर आपल्या दमट हवेत ते ओल ओढतं आणि चित्र चिकचिकतं. एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात भिजवून गाळा, त्यात पूड घोटा. बुरशी लागू नये म्हणून लवंग तेलाचे एक-दोन थेंब.

कागद सुती, ३०० ग्रॅमचा. पेन्सिलीने हलकं रेखाटन, मग अगदी पातळ थर. सूर्य आणि आकाशाचा उजेड रंगवायचा नाही, कोरा राखायचा. एकदा झाकला की परत मिळत नाही. खरी कसोटी वाट बघण्याची आहे. पावसाळ्यात थर तासन्‌तास ओला राहतो, घाईने दुसरा दिला की खालचा उचलतो. एप्रिलच्या दुपारी उलट, कडा आधी वाळून रेघ पडते. त्यापेक्षा सकाळी बसा.

सरावाला नारळी पौर्णिमेचा किनारा घ्या. समुद्राकडे तोंड केलेली माणसं, पाठमोरी, दोन-तीन सेंटीमीटरची. चेहरा नाही, हात दिसत नाहीत. मग प्रार्थना दिसते कशात? मान किंचित खाली, कोपरं अंगाशी ओढलेली. मानेखाली गडद शाईचा एकच ठिपका पुरतो. बोटं काढायला गेलात की माणूस नारळ सोलतोय असं वाटतं.

सेपिया उन्हाने विटतो. चित्र काचेत, कागद काचेला टेकणार नाही असं बसवा आणि पावसाची झड लागते त्या भिंतीवर मुळीच लावू नका.