लँडफिलची जनसुनावणी आणि ३० दिवसांची नोटीस: माझा अनुभव

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, गायरानात, शहराचा कचरा पुरायची जागा, म्हणजे लँडफिल, येणार म्हणून जनसुनावणीची नोटीस पेपरात आली. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार सुनावणीआधी कमीत कमी ३० दिवसांची नोटीस लागते. हे ३० दिवस किती कमी पडतात ते त्यातून गेल्यावर कळलं.

सुरुवातीचा वेळ प्रकल्पाचा ईआयए रिपोर्ट बघण्यातच गेला. मराठीत फक्त सारांश, पूर्ण रिपोर्ट इंग्रजीत आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिसात बसून वाचायचा. माझी भाची एमएस्सी करतेय, तिला सोबत नेलं. कुणावर अशी वेळ आली तर सगळा रिपोर्ट वाचत बसू नका, आधी भूजलाचं प्रकरण उघडा आणि विहिरींची पातळी कुठल्या महिन्यात मोजलीय ते बघा. आमच्या रिपोर्टमधे सगळी मापं मार्च ते मे मधली होती. पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा नियमात चालतो, म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्या कन्सल्टंटनं काही नियम मोडला नव्हता, पण तेव्हा लागू असलेले घनकचरा नियम २०१६ म्हणत होते की लँडफिलच्या तळाला ९० सेंमी मातीचा थर, त्यावर १.५ मिमीचं प्लास्टिक लायनर (अस्तर), आणि भूजलाची सर्वात वरची पातळी त्या मातीच्या थराच्या किमान २ मीटर खाली पाहिजे. सर्वात वरची! आमच्याकडं मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि सप्टेंबरात काठावरून वाकून कळशी भरता येते.

आता हे तोंडी सांगून कोण ऐकणार, पुरावा पाहिजे. गावातल्या एका रिटायर तलाठी अण्णांनी सांगितलं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा घेते आणि तशी एक विहीर शेजारच्या गावात आहे. लगेच तिच्या ऑक्टोबरच्या आकड्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्याच्या उत्तराची मुदतही ३० दिवसच, त्यामुळं जीव नुसता टांगणीला, उत्तर आलं ते अगदी सुनावणीच्या तोंडावर.

म्हणून ईआयए अधिसूचनेचा २०२० चा नवा मसुदा आठवला की मला आजही राग येतो. त्यात ही नोटीस २० दिवसांवर आणायचं ठरलं होतं. मसुदा पुढं अंतिम झाला नाही म्हणून बरं, नाहीतर आमचे ऑक्टोबरचे आकडे सुनावणी उरकल्यावर आले असते. आणि तो मसुदा आधी इंग्रजी-हिंदीतच होता, इतर भाषांत द्या असं दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं.

सुनावणीला अप्पर जिल्हाधिकारी होते, व्हिडिओ शूटिंग होतं. आम्ही घोषणा टाळल्या. प्रत्येकानं एकच मुद्दा मांडायचा असं आदल्या रात्री देवळात बसून ठरवलेलं, बायकांनी पिण्याच्या पाण्याचं मांडलं आणि फार नीट मांडलं. लेखी हरकती दिल्या, प्रत्येक हरकतीची शिक्का मारलेली पोच घेतली. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तेव्हा अजिबात उठून जाऊ नका, आमचा ऑक्टोबरच्या पातळीचा मुद्दा त्यात आलाच नव्हता, उभं राहून तो घालून घेतला.

इतिवृत्त पर्यावरण परवानगीचे प्रस्ताव तपासणाऱ्या राज्याच्या तज्ज्ञ समितीकडं गेलं आणि समितीनं पावसाळ्यानंतरची भूजल पातळी मोजून आणायला सांगितलं. प्रकल्प रद्द झालेला नाही.

आता काळजी वेगळीच आहे. आधी काम, नंतर पर्यावरण परवानगी, ही पद्धत सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मधे बंद केली होती, तो निकाल नोव्हेंबर २०२५ मधे २ विरुद्ध १ मतांनी मागं घेतला गेला. लँडफिलच्या बाबतीत हे फार धोक्याचं वाटतं मला, कारण लायनर तळाला असतो, एकदा वर कचऱ्याचे थर चढले की तो नीट बसलाय का हे कोण उकरून बघणार?

ऑक्टोबरची मोजणी होईल तेव्हा गावातली दोन माणसं विहिरींवर हजर राहतील, असा ठराव ग्रामसभेत झालाय.