उलटे डोंगर

गच्चीवरून वाळलेले कपडे आणले आणि घड्या घालत बसले होते. मोज्यांची जोडी जुळवताना बोटाला टोचलं. कुसळ. मशीनमधून गरगर फिरून, पिळून, कडक उन्हात वाळूनही पठ्ठ्यानं मोजा सोडला नव्हता. रविवारी इंदूरजवळच्या जाम गेटच्या बाजूच्या उतारावर गवतातून हिंडलो, तिथली ही मंडळी. एक काढायला गेले तर शेजारी दुसरं, टाचेपाशी तर अख्खी वसाहत. बाकीचे कपडे पलंगावर तसेच राहिले.

कुसळ उपटायची रीत असते. मागे ओढायचं नाही, ज्या दिशेनं घुसलंय त्याच दिशेनं पुढे काढायचं. टोकाजवळ उलटे केस असतात, मागे ओढलं की ते अडकतात आणि टोक आत मोडतं. मग ते पुढचे आठ दिवस नेमकं घाईत बूट घातल्यावर बोलतं. घरातली बाकीची माणसं मोजा झटकून पाहतात, नाही निघालं तर मोजा टाकून देतात. मला हे बघवत नाही. अशा माणसांना गवतात नेऊच नये.

ही रीत मामानं शिकवलेली. मामा महूला राहायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं इंदुराहून त्याच्याकडे जायचो. गवत तेव्हा पिवळं पडून वाळलेलं असायचं, कुसळं पिकलेली. एकदा चालता चालता त्यानं एक कुसळ तोडलं, माझ्या तळहातावर आडवं ठेवलं आणि म्हणाला, "थुंक."

"ई, मामा!"

"थुंक म्हणतो ना."

थुंकले. क्षणभर काहीच नाही. मग ती काळपट शेपटी, मध्येच गुडघ्यात दुमडल्यासारखी वाकलेली, हळूच हलली आणि माझ्या हातावर फिरायला लागली. आपली आपण. मी किंचाळून हात झटकला, कारण मला वाटलं किडा आहे. मामा खाली वाकून ते शोधायला लागला, सापडेना, मग दुसरं तोडलं. त्या शेपटीला पीळ असतो. ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या सुटण्या-बसण्यात बी मातीत उतरत जातं. रात्री दव, दिवसा ऊन, एवढ्यावर त्याची पेरणी होते. त्या दिवसापासून आमच्यात शर्यती लागल्या. कोणाचं कुसळ जास्त वेळ फिरतं, कोणाचं मध्येच आळसतं. घरी आल्यावर मामी आमचे फ्रॉक चिमटीत धरून उभी, आणि त्यावर कोणाकोणाची थुंकी आहे याची चौकशी चाललेली.

पण मला सांगायचं होतं ते डोंगराचं.

पुण्याचा भाचा या दिवाळीत येऊन गेला. तो दर शनिवारी-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतो. त्याच्या बुटांची किंमत ऐकून आमच्याकडे थोडा वेळ शांतता पसरली होती. सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, परत येताना त्यानं विचारलं, "मावशी, तुमच्या इंदूरला डोंगर नाहीतच ना गं?" आवाजात सहानुभूती होती, ती जास्त लागली.

"आहेत की. पण खाली आहेत."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी जाम गेटला घेऊन गेले. महू सोडलं की रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन निघून गेलेलं, कुठे लसूण, कुठे बटाटा, कुठे गव्हाची तयारी. चढ असा नाहीच. मध्येच अहिल्याबाईंच्या काळातला तो भला थोरला दगडी दरवाजा येतो, ना गावाचा ना किल्ल्याचा, रस्त्यावरच उभा. त्याच्या पलीकडे गेलं की विंध्याच्या कड्यावर माळवा संपतो. ओटा जसा काठाशी संपतो तसा. खाली थेट निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातला सखल मुलूख, निळसर धुरकट, आणि त्या धुरकटात कुठेतरी नर्मदा. आपण उभे असतो सहा-सातशे मीटरवर, नर्मदाकाठचं महेश्वर खाली दीडशेच्या आसपास. इंदूरच मुळी साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पण आम्हाला ते जाणवत नाही. डोंगरावर राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही, एवढंच.

भाचा काठाशी गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "हा तर आपल्याचसारखा दगड आहे." आहेच. सह्याद्री घडवला त्याच लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांचा हा उत्तरेकडचा पदर. पुणेकरांचा आणि आमचा दगड एकच, फक्त त्यांनी त्यावर गड बांधले आणि आम्ही शेव तळली.

फरक आहे तो क्रमाचा. गडावर आधी घाम, मग वारा, मग पिठलं-भाकरी. कमावून खायचं. इकडे सगळं उलट. गाडीतून उतरलात की समोर दरी, बक्षीस आधीच हातात. मग उत्साहानं खाली उतरायचं, ओढ्यापर्यंत, कुंडापर्यंत, "थोडंसंच आहे भिया, बस ये रहा" म्हणत. चढ राहतो शेवटाला, भर उन्हात, आणि पोटात दाल-बाफले. बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आणि त्यांच्यावर तूप किती ओततात ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी त्या चढाची कल्पना करावी. मी म्हणूनच उतरण्याआधी काही खात नाही. घरचे याला माझं नाटक म्हणतात, कारण इंदूरकर निसर्गाकडे मुळात जातो तो खायला. सकाळी सहाला निघालेल्या गाडीत पोह्यांचा डबा, शेव, पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याची पुडी, आणि महू यायच्या आत डबा उघडलेला. पोचल्यावर पहिला प्रश्न, भुट्टेवाला कुठे बसतो. मी कोरड्या तोंडानं उतरते, वर येऊन जेवते. वर येईपर्यंत बहुतेक वेळा संपलेलं असतं, हा भाग वेगळा.

आमच्या लहानपणी या उतारावरून आगगाडी जायची. म्हणजे अजूनही एक तुकडा चालतो. पातालपाणी ते कालाकुंड, 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली मोठ्या काचांची हेरिटेज गाडी. पण तेव्हा ती खरीखुरी गाडी होती, खंडव्याला जायची, मीटरगेजची. तिच्यात कोंबड्या असायच्या, लग्नाची वऱ्हाडं असायची, आणि खिडकीपाशी आजी. आजीला गाडीविषयी घरचा अभिमान होता. इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली या लाइनीसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीवर. इंग्रजाला कर्ज दिलं, हे वाक्य ती दर प्रवासात डब्यातल्या किमान एका अनोळखी माणसाला ऐकवायची. मुदत 1971 ला संपणार, तोवर संस्थानही नाही आणि इंग्रजही नाही. मग उरलेलं कोणी कोणाला फेडलं, असं एकानं विचारलं तेव्हा ती त्याच्याशी खंडव्यापर्यंत बोलली नाही.

पातालपाण्यापुढे घाट सुरू व्हायच्या आधी गाडी थांबायची. टंट्यामामाला नमस्कार. इंग्रजांशी लढलेल्या या टंट्या भिल्लाला 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिली, आणि लोक सांगतात की देह इथे रुळांशेजारी आणून टाकला. तिथे त्याचं देवस्थान आहे. रेल्वेवाले म्हणायचे उताराआधी ब्रेक तपासायला थांबावंच लागतं. आजी म्हणायची, ब्रेक काय, तपासू देत की, पण मामाला विचारून. नारळ फुटायचे, डब्यात प्रसाद फिरायचा. ब्रेक आणि मामा या दोघांवर मिळून गाडी खाली जायची. मग बोगदे, वळणं, मध्येच उजवीकडे खोल दरी आणि सागाची मोठाली पानं खिडकीला घासणारी. चाकांचा वास यायचा, तापलेल्या लोखंडाचा.

कालाकुंडला उतरायची परवानगी फक्त आमच्या महूच्या मामाला. तो पळसाच्या पानाच्या द्रोणांत कलाकंद घेऊन यायचा. रवाळ, थोडा ओलसर, पानाचा तुरट वास लागलेला. द्रोण काडीनं टाचलेला, ती काडी आधी काढून घ्यायची नाहीतर जिभेला लागते. इंदूरला मिठाईची काय कमी, पण पान नसलेला कलाकंद मी आजही अर्धाच खाते. परतताना इथेच गाडीला मागून दुसरं इंजिन लागायचं, ढकलायला. मला वाटतं मीसुद्धा दरीतून वर येताना तशाच इंजिनाची वाट बघत असते.

पातालपाण्याच्या धबधब्याविषयी मी फार लिहिणार नाही. सुमारे तीनशे फूट उंचीवरून चोरल नदी कोसळते, पावसाळ्यात दृश्य खरोखर मोठं असतं. पण 2011 च्या पावसाळ्यात वरून लोंढा आला आणि पात्रात खडकावर उभी असलेली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्याचं चित्रण साऱ्या देशानं पाहिलं. तेव्हापासून पावसात तिकडे पाऊल वळत नाही. वर ढग कुठे फुटतोय ते खाली उभ्या माणसाला कळत नाही.

जानापाव मला जास्त आवडतं. माळव्याला वर चढायला एक डोंगर असावा म्हणून ठेवलेला, साडेआठशे मीटरच्या आसपासचा. परशुरामाचं जन्मस्थान म्हणतात, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते, वर कुंड आहे. तिथून साडेसात नद्या निघतात असं लोक सांगतात. यातली अर्धी कुठली, हे मी तिथल्या पुजाऱ्याला विचारलं होतं. त्यांनी इतक्या थंड नजरेनं पाहिलं की पुढचं विचारलं नाही. नावं तर आम्हाला पाठच आहेत, चंबळ, गंभीर, चोरल, कारम. खरी गंमत त्यांच्या दिशांत आहे. चंबळ आणि गंभीर उत्तरेला जातात, चोरल आणि कारम दक्षिणेला, नर्मदेकडे. एकाच पावसातले दोन थेंब या धारेवर पडले तर एक यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला, दुसरा नर्मदेतून अरबी समुद्राला. हे शाळेत नकाशात शिकलो, पण धारेवर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की आपण कोणाच्या बाजूचे, असा उगाच प्रश्न पडतो.

इंदूर उत्तरेच्या बाजूचं. आमची खान नदी, आता तिला कान्ह म्हणायचं, क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, पुढे यमुना, गंगा. म्हणजे आमच्या गच्चीवरचा पाऊस हिशेबानं बंगालचा. पण या हिशेबात आम्ही हात घातलाय. 1978 पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटर, पंपांवर पंप लावून तेच विंध्याचे कडे चढवून आणलेलं. ज्या काठावर उभं राहून आम्ही भुट्टे खातो, त्याच काठावर आमच्या घागरीतलं पाणी धापा टाकत वर येतं. मग त्यानं भांडी घासायची, आंघोळी उरकायच्या आणि ते खान नदीच्या वाटेनं पार तिकडे धाडायचं. अरबी समुद्राच्या वाटेवरचं पाणी आम्ही रोज बंगालकडे वळवतो, आणि कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

आजी मात्र रोज आंघोळीच्या पहिल्या तांब्याला म्हणायची, गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि. बादलीत नळाचं पाणी, आणि हिला त्यात सात नद्या. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं. आता बघते तर बादलीत नर्मदा होतीच, आणि ती मोरीतून निघाली की यमुना-गंगेकडेच जाणार होती. सातांतल्या तीन तरी आमच्या न्हाणीघरात हजर होत्या, एक येऊन, दोन जाऊन. बाकीच्या चौघींचं आजी आणि त्या बघून घेतील.

हे भाच्याला सांगायचं राहिलं, तो परतीच्या वाटेवर झोपला होता. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. शिवाय पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आज आमचा दिवस, आणि पाच वाजत आलेत. मोटर लावायला हवी, नाहीतर खालचे आधी ओढून घेतात.