शनिवारची रात्र आणि १८४ ओळींचे एक्सेल

एखाद्या मोठ्या कंपनीत डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर लिहिणारे डेव्हलपर आणि ते चालवणारे ऑपरेशन्सचे लोक यांनी मिळून काम करण्याची पद्धत) कितपत रुजले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तिथे कोणती साधने वापरतात हे मी विचारत नाही. रिलीजच्या, म्हणजे नवे सॉफ्टवेअर वापरात आणण्याच्या, रात्री किती माणसे जागी असतात, एवढेच विचारतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हा आकडा चाळिसाच्या घरात होता. एका परदेशी वित्तसंस्थेच्या पुण्यातील तंत्रज्ञान केंद्रात मी काम करतो. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा रिलीज होत असे आणि शनिवारी रात्री दहाला सुरू झालेला ब्रिज कॉल (सगळ्यांना जोडणारा सामायिक फोन) रविवारी दुपारची जेवणे होईपर्यंत चालत असे. स्क्रीनवर रात्रभर एकच एक्सेल उघडे असायचे. त्यात १८४ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक काम, ते करणाऱ्याचे नाव, लागणारा वेळ आणि शेवटच्या रकान्यात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. एकसष्टाव्या ओळीत लिहिलेले होते, ‘कॉन्फिग फाइल जुन्या सर्व्हरवरून घेऊन नव्यावर टाकणे आणि आयपी हाताने बदलणे’. ही ओळ रात्री दोनच्या सुमारास यायची. म्हणजे जेव्हा डोळे मिटत असतात, नेमके तेव्हाच आम्ही एका माणसाला आकडे हाताने बदलायला सांगत होतो.

ऑपरेशन्समधील आमचे एक ज्येष्ठ सहकारी कॉल संपताना नेहमी म्हणायचे, “तुमचं झालं की आमचं सुरू होतं.” डेव्हऑप्स या विषयावर मी पुढे बरेच वाचले, पण मूळ दुखणे याहून थोडक्यात सांगितलेले मला कुठे आढळले नाही. नवे काही लवकर देण्याबद्दल डेव्हलपरला शाबासकी मिळते आणि काहीही न बिघडल्याबद्दल ऑपरेशन्सला. मग दोघे भांडले नाहीत तरच नवल. २००९च्या जूनमध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सॅन होजे येथील व्हेलॉसिटी परिषदेत आपण दिवसाला दहाहून अधिक वेळा डिप्लॉय करतो, म्हणजे नवे कोड वापरात आणतो, असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मांडणीचा गाभा हे भांडण मिटवण्याचाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबवा यांनी बेल्जियममधील गेन्ट शहरात पहिले ‘डेव्हऑप्सडेज’ संमेलन भरवले आणि हे नाव प्रचारात आले.

आमच्यापर्यंत हे नाव पोहोचले ते मात्र खरेदीच्या प्रस्तावातून. साधनांचे परवाने घेतले गेले, सादरीकरणे झाली आणि संस्थेच्या रचनेच्या तक्त्यात ‘डेव्हऑप्स टीम’ नावाची नवी चौकट उगवली. म्हणजे दोन खोल्यांमधील भिंत पाडायची ठरले होते आणि प्रत्यक्षात भिंतीच्या जागी तिसरी खोली बांधली गेली. आता नवी पाइपलाइन (कोड तपासून आपोआप वापरात नेणारी यंत्रणा) हवी असेल तर त्या टीमकडे टिकेट, म्हणजे कामाची नोंदवलेली विनंती, टाकावे लागे आणि ते पूर्ण करण्याची मुदत होती पंधरा दिवस. पूर्वी डेव्हलपर ऑपरेशन्सच्या नावाने बोटे मोडत. आता दोघे मिळून डेव्हऑप्सच्या नावाने मोडू लागले. एकोपा म्हणायचा तर एवढाच झाला.

भारतातील आयटी उद्योगात या दुखण्याला आणखी एक पदर आहे आणि परदेशी लेखनात तो क्वचितच दिसतो. संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये असे निरीक्षण मांडले होते, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. आमच्याकडे संवादाची रचना ठरवते ती करारपत्रिका. विकासाचे काम एका पुरवठादाराकडे, टेस्टिंग दुसऱ्याकडे, प्रॉडक्शनची (प्रत्यक्ष वापरातील चालू प्रणालीची) देखभाल तिसऱ्याकडे आणि सर्व्हर चौथ्याकडे. देखभालीच्या पुरवठादाराला मोबदला मिळतो तो माणसांच्या संख्येवर किंवा हाताळलेल्या टिकेटांवर. दर सोमवारी भरणारी डिस्क साफ करण्याची स्क्रिप्ट, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, त्याच्या एखाद्या हुशार मुलीने लिहिली, तर महिन्याकाठी काही टिकेटे कमी होतात, टिकेटे कमी झाली की माणसे कमी होतात आणि माणसे कमी झाली की बिल कमी होते. असे असताना त्या मुलीला ‘स्वयंचलनाची संस्कृती अंगी बाणवा’ असे सांगणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायला सांगण्यासारखे आहे. हे आमच्या वरिष्ठांना समजायला दोन वर्षे गेली. देखभालीचा करार नव्याने लिहिताना टिकेटांच्या संख्येऐवजी सेवा किती वेळ सुरळीत चालली आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी किती घटल्या यावर मोबदला ठरवला गेला आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत, आधीच्या सगळ्या कार्यशाळांमधून निघाल्या नव्हत्या इतक्या स्क्रिप्ट निघाल्या. खरेदी खात्यातील ज्या गृहस्थांनी त्या कराराचा मसुदा केला, त्यांना डेव्हऑप्स म्हणजे काय हे आजही ठाऊक नसावे. आमच्याकडील बदलाचे मोठे श्रेय मात्र मी त्यांनाच देतो.

आता परवानग्यांविषयी. दर बुधवारी चेंज ॲडव्हायझरी बोर्डाची, म्हणजे आमच्या भाषेत ‘कॅब’ची, बैठक होई. तिथे ज्यांनी कोडची एक ओळही पाहिलेली नाही असे बाराजण, प्रत्येक बदलाला तीनेक मिनिटे देऊन, तो प्रॉडक्शनला न्यावा की नाही हे ठरवत. ही बैठक सैल करा असे आम्ही सुचवले, तेव्हा एका वरिष्ठांनी नाइट कॅपिटलचे उदाहरण तोंडावर फेकले. ते उदाहरण नीट सांगण्यासारखे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील या शेअर दलाली कंपनीने पंचेचाळीस मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. नवे कोड आठ सर्व्हरवर चढवायचे होते. एका तंत्रज्ञाकडून ते एका सर्व्हरवर चढवायचे राहिले आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेले जुने कोड तसेच पडून होते आणि ते जागे करणारा फ्लॅग (चालू-बंद करण्याची खूण) नव्या कोडसाठी पुन्हा वापरण्यात आला होता. बाजार उघडताच ते मढे उठून बसले आणि सुटल्यासारखे सौदे करू लागले. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीतील लोकांना या बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल यंत्रणेने पाठवले होते, पण ते धोक्याच्या सूचना म्हणून तयार केलेले नव्हते आणि कुणी वाचलेही नाहीत. गोंधळ निस्तरताना तर उरलेल्या सात सर्व्हरवरून नवे, म्हणजे बरोबर चालणारे, कोडच काढून टाकले गेले आणि आग आणखी भडकली.

आमच्या वरिष्ठांच्या मते यातून ‘परवानग्या वाढवा’ असा धडा निघत होता. मला मात्र त्यात आमची एकसष्टावी ओळ दिसत होती. तिथे कमी होती ती सही नव्हे. हाताने केलेल्या कामाची पडताळणी करणारे यंत्र किंवा दुसरा माणूस कमी होता. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे ना, हे बुधवारच्या बैठकीतील बाराजणांना कसे कळले असते? निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या सॉफ्टवेअर टीमांच्या कामगिरीवरील संशोधनातही हेच दिसले, की बाहेरच्या मंडळाच्या मंजुरीमुळे कामाची गती मंदावते, पण अपयशी बदलांचे प्रमाण घटत नाही.

तरीही कॅबची टिंगल करणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहत नाही, कारण त्या बैठकीमागची भीती खोटी नव्हती. तीन महिन्यांचे साचलेले बदल एका रात्रीत प्रॉडक्शनला जाणार असतील तर कुणीही शहाणा माणूस घाबरेल. घाबरला की परवानग्या वाढवतो, परवानग्या वाढल्या की रिलीज लांबतो आणि लांबला की साचलेला ढीग आणखी उंच होतो. या चक्रात परवानगीपासून सुरुवात करून चालत नाही. आधी ढीग लहान करावा लागतो. आम्ही उलटे केले होते. पहिल्या वर्षी ‘कॅब रद्द करा’ अशी मागणी घेऊन गेलो आणि हात हलवत परत आलो.

दुसऱ्या वर्षी आमच्यातील दोघेजण रिलीज मॅनेजर मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. ते एक्सेल त्यांनी सात-आठ वर्षांत एकेका अपघातातून शिकत वाढवले होते आणि ते मोडीत काढणे म्हणजे आपला अनुभव मोडीत काढणे असे त्यांना वाटत होते, यात चूक काहीच नव्हती. आम्ही प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत गेलो, ‘ही कशामुळे आली?’ मॅडम सांगत गेल्या. ही त्या गणपतीच्या आठवड्यातली, ही प्रमाणपत्राची मुदत संपली होती तेव्हाची, ही दोन डेटाबेसांची वेळ जुळत नव्हती तेव्हाची. निम्म्याहून अधिक ओळी स्क्रिप्टमध्ये उतरवता आल्या, तीसेक ओळींचे कारण केव्हाच नाहीसे झाले होते आणि काहींना खरोखरच माणूस हवा होता. ज्या ग्राहक-पोर्टलवर आम्ही प्रथम हा प्रयोग केला, त्याचा रिलीज आधी महिन्यावर, मग पंधरवड्यावर आणि शेवटी कामाच्या दिवशी दुपारी तीनवर आला. दुपारी तीनच का, तर मॅडमचा आग्रह होता, की काही बिघडलेच तर सगळे जागे आणि जेवलेले असावेत.

लेखापरीक्षकांची आम्हाला उगाचच धास्ती होती. कोड लिहिणाऱ्याने स्वतःच ते प्रॉडक्शनला नेऊ नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. दुसऱ्या सहकाऱ्याने तपासून मान्य केल्याशिवाय बदल कोडच्या मुख्य शाखेत, म्हणजे मुख्य प्रतीत, जाणार नाही आणि पाइपलाइनवाचून कुणालाही प्रॉडक्शनला हात लावता येणार नाही, ही व्यवस्था आम्ही त्यांना दाखवली. कुणी, केव्हा, काय बदलले आणि कुणी मान्य केले याची नोंद आपोआप होत होती. त्यांनी ती बारकाईने पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, “उत्तम आहे, याचे स्क्रीनशॉट वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून द्या.” पहिल्या वर्षी दिले. पुढच्या वर्षी त्यांनीच मागितले नाहीत.

सर्वात अवघड गेले ते डेव्हलपरना ऑन-कॉल, म्हणजे बिघाडाचा फोन केव्हाही घेण्याच्या पाळीवर, घेणे. ‘तुम्ही घडवता, तुम्हीच चालवा’ हे ॲमेझॉनच्या वर्नर व्होगेल्स यांचे २००६ मधील म्हणणे भिंतीवर लावायला छान आहे, पण रात्री तीनला फोन वाजतो तो दोन खोल्यांच्या घरात, शेजारी तान्हे मूल झोपलेले असताना. भत्ता किती, दुसऱ्या दिवशी उशिरा आलेले चालेल का, ज्यांना रात्रीचे जमत नाही त्यांचे काय, या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत आमच्या टीमने नकार दिला आणि तो योग्यच होता असे मला आजही वाटते. उत्तरे मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात एका मुलाला एकाच निरर्थक अलर्टने चार वेळा उठवले. तो अलर्ट ऑपरेशन्सची मंडळी तीन वर्षे मुकाट्याने सोसत होती. त्याने तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी दुरुस्त केला आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाहीत?” सर म्हणाले, “अकरा टिकेटं टाकली होती.”

त्यानंतर आमच्या आरसीएच्या, म्हणजे बिघाडाचे मूळ कारण शोधण्याच्या, फॉर्ममधील एक रकाना बदलला गेला. पूर्वी तिथे मूळ कारण म्हणून ‘मानवी चूक’ असे निवडता येत असे आणि घाईत असलेला प्रत्येकजण तेच निवडून मोकळा होई. पुढे मार्चमधील अप्रेझलला त्याच चुकीचा हिशोब होई, म्हणून चूक करणारा ती लपवी. आता तो पर्याय नाही. त्याऐवजी, ही चूक करणे इतके सोपे कशामुळे होते, असे विचारलेले असते. काही व्यवस्थापक तिथेही माणसाचे नाव लिहितात. त्यांना फॉर्म परत पाठवला जातो.

हे सगळे पोर्टल आणि त्याच्या भोवतीच्या दहा-बारा प्रणालींचे झाले. हिशोबाची मुख्य प्रणाली मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) आहे, तिचा पुरवठादार वेगळा आहे आणि त्याचा जुना करार अजून दोन वर्षे चालू आहे. तिचा रिलीज आजही तीन महिन्यांनीच होतो. पुढचा येत्या शनिवारी आहे, रात्री दहाला. एक्सेलमध्ये त्रेपन्न ओळी उरल्या आहेत आणि नववी माझ्या नावावर आहे.