सीलिंगमधली खुडबुड आणि आठशे रुपयांचा कॅमेरा

पीओपीच्या सीलिंगमध्ये उंदीर शिरला की कोणालाच झोप लागत नाही, सगळे अंधारात वर बघत पडून राहतात. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये हे सुरू झालं तेव्हा बिल्डिंगमधल्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर उंदीर येतच नाही हो, पाल असेल. आता पाल कधी रात्री दोन वाजता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत प्लास्टिक ओढत नेते का? घराच्या छपरात, माळ्यावर राहणारा जो काळा उंदीर असतो तो पाइपवरून, केबलवरून, खडबडीत भिंतीवरून आरामात चढतो, त्याला खालच्यापेक्षा वरचंच जास्त आवडतं. जमिनीत बिळं करून कंपाउंड पोखरते ती घूस, ती वेगळी.

पीओपीवाल्याला बोलावलं तर त्याने झाडूच्या दांड्याने इथे तिथे ठोकून बघितलं आणि म्हणाला तोडावं लागेल. कुठे तोडायचं? तर म्हणे सुरुवात करू, मग बघू. म्हणजे तोडायचं, परत बसवायचं, पुट्टी, रंग, आणि उंदीर तोपर्यंत दुसऱ्या बेडरूमवर. ऑफिसमधल्या एकाने गाडीच्या डॅशबोर्डमागे बघायला तो वायरवाला एंडोस्कोप कॅमेरा घेतला होता, त्याने सुचवलं म्हणून मी पण ऑनलाइन मागवला, आठशेच्या आत आला.

वस्तू काय आहे तर एक लांब वायर, तिच्या टोकाला पेन्सिलीएवढा कॅमेरा, भोवती सहा बारीक एलईडी, आणि दुसरं टोक फोनला. घेताना एकच गोष्ट बघा, वायर कडक हवी, म्हणजे वाकवली की तशीच राहणारी. मऊ वायरवाला स्वस्त मिळतो पण तो पुढे ढकलला की जागच्या जागी गुंडाळत बसतो, काही उपयोग नाही. जाहिरातीतल्या एचडी वगैरेवर विश्वास ठेवू नका, बहुतेक स्वस्त मॉडेल ६४०×४८० वरच असतात आणि चित्र स्पष्ट दिसतं ते साधारण चार-पाच सेंटिमीटरपासून वीतभर अंतरापर्यंत, त्यापुढे नुसता अंधार. फोनला ओटीजी सपोर्ट लागतो, म्हणजे चार्जिंगच्या जागी बाहेरची वस्तू जोडून चालवायची सोय, काही फोनमध्ये ते सेटिंगमध्ये जाऊन दर वेळी चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, बरोब्बर कामाच्या वेळी. जुन्या आयफोनवाल्यांनी वायफायवाला घ्यावा.

सीलिंगला नवीन भोक पाडायची गरजच नाही, पीओपीतले गोल लाइट आहेत ना. आधी एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाइनचा मुख्य खटका, बंद करायचा, टेस्टरने बघायचं, मग लाइट हळूच खाली ओढायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पट्ट्या असतात, त्या धरून ठेवल्या नाहीत तर बोटावर अशा सटकन बसतात की विचारू नका. लाइट निघाला की तीन-चार इंचाचं तयार भोक. इलेक्ट्रिकच्या फिटिंगचा पांढरा पाइप असतो त्याला कॅमेऱ्याची वायर टेपने चिकटवली आणि पुढचा वीतभर भाग मोकळा ठेवून वाकवला, म्हणजे पाइप फिरवला की कॅमेरा चारी बाजूंना बघतो. मी स्टुलावर, मुलगा खाली फोन धरून, "बाबा, मागे घे ना, मागे, अरे ते मागे नाही!" कारण स्क्रीनवर वरचं खाली आणि डावीकडचं कुठेही दिसतं. शेवटी कॅमेऱ्याच्या एका बाजूला लाल टेप लावली, ती बाजू वर ठेवायची, मग भांडणं थांबली. एलईडी पूर्ण वाढवू नका, पांढऱ्या पीओपीवर उजेड परत येतो आणि सगळं धुरकट दिसतं, निम्म्यावर ठेवला की बरं. आणि व्हिडिओ रेकॉर्ड करून नंतर लॅपटॉपवर सावकाश बघायचा, स्टुलावर उभं राहून काही कळत नाही.

तर बघितलं काय? उंदीर नाही. उंदीर उजेड दिसला की तिथे थांबतोय कशाला. जे दिसलं ते त्याच्या येण्या-जाण्याचं. पीओपी करताना उडालेली पांढरी पावडर वर तशीच पडून असते, तिच्यावर पावलांचे ठसे आणि मधून शेपटी घासत गेल्याची रेघ, एकदम क्लिअर. सीलिंग ज्यावर बसवलेलं असतं त्या जीआयच्या चॅनलवर, म्हणजे पत्र्याच्या पट्टीवर, एका बाजूला काळपट तेलकट पट्टा, कारण रोज त्याच रस्त्याने अंग घासत जातो. लेंड्या सेंटिमीटरच्या वर, टोकाला निमुळत्या, म्हणजे मोठा उंदीर, घरातल्या छोट्या उंदराच्या पाच मिलिमीटरच्या आसपास असतात. काही लेंड्या काळ्या आणि चकचकीत, म्हणजे ताज्या. पुढे फॅनच्या हुकाजवळ घरटं, त्यात फाडलेला पेपर, सुतळी, बिस्किटाच्या पुड्याचं चंदेरी कव्हर आणि बायकोच्या जुन्या कॉटनच्या ओढणीच्या चिंध्या, ती ओढणी ती कितीतरी दिवस शोधत होती. पिल्लं नव्हती. पण एका वायरचं वरचं प्लास्टिक कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडलेली, ते बघून मात्र पोटात गोळा आला. इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलावलं.

आणि एकदाच, म्हणजे अगदी एकदा, हॉलच्या बाहेरच्या भिंतीकडे कॅमेरा नेला तेव्हा एक शेपूट एसीच्या पाइपशेजारून आत गेली. शेपूट गेली तिथे भोक असणारच. एसी बसवताना भिंतीतून कॉपर पाइप न्यायला जे गोल भोक पाडतात ते आमच्याकडे फोमने बुजवलं होतं, आणि फोम म्हणजे उंदराला काहीच नाही, दात तर त्याचे आयुष्यभर वाढतच असतात, कुरतडायला काहीतरी हवंच. छोट्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, मोठ्याला अंगठा जाईल एवढी.

एवढं कळल्यावर लगेच भोक बंद करायचा मोह होतो, तो आवरा. आत अडकला तर आतच मरणार, आणि मग तो वास. याच कारणाने मी विषाच्या वड्या ठेवल्या नाहीत, रक्त पातळ करणाऱ्या त्या वड्या खाऊन उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो आणि कुठे मरेल ते तो ठरवतो. भोकात पेपरचा सैल बोळा कोंबला, सकाळी तो बाहेर ढकललेला, म्हणजे रस्ता चालू. पिंजरा लाइटच्या भोकातून जात नाही म्हणून एसीच्या खालच्या कपाटावर ठेवला, सुरुवातीला नुसताच, दार बांधून उघडं, आत सुक्या बोंबलाचा तुकडा. नवीन वस्तू दिसली की काळा उंदीर काही दिवस तिच्या जवळ जात नाही. पिंजऱ्यासमोर रांगोळी भुरभुरली होती, तिच्यावर पावलं उमटली तेव्हा दाराची दोरी सोडून पिंजरा लावला. आई म्हणायची त्याच्यासमोर पिंजऱ्याचं बोलू नका, ऐकतात ते, म्हणून घरात सगळं खुणांनी चाललेलं. पकडला गेला. मग अजून एक. नंतर बोळा जागचा हलला नाही, तेव्हा कुठे भोकात आधी स्टीलची घासणी कोंबली आणि वरून सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून बुजवलं, ही आमच्या आजोबांच्या वेळची पद्धत.

किचनमध्ये ट्रॉल्यांच्या खाली पण आवाज यायचा, तिथे स्कर्टिंगच्या फटीतून कॅमेरा घातला तर लांब टोकदार तोंड आणि बारीक डोळे, चिचुंद्री! ती उंदीर नाहीच, किडे खाते, झुरळं खाते, फक्त वास सहन करा. तिला मोरीच्या जाळीतून बाहेर जायला वाट दिली आणि जाळी बदलली.

लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचचं पाणी मारा, ग्लोव्ह्ज आणि मास्क घाला. लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, नाव २००५ च्या पुरानंतर मुंबईत घराघरात माहीत झालंय, उंदराच्या मुताने पसरतो तो, हाताला जखम असेल तर जास्तच सांभाळा. कॅमेऱ्याचं टोक पण डेटॉलने पुसून ठेवा.

कॅमेरा सध्या पहिल्या मजल्यावर गेलाय, त्यांना बेसिनचा पाइप बघायचाय. बिल्डिंगचे पाइप ज्यातून जातात त्या डक्टला खालून जाळी बसवायचा विषय मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढलाय, कोटेशन मागवतो म्हणालेत.