'स्टेशनपासून वीस मिनिटं'

कॉटन ग्रीन स्टेशनजवळच्या काळाचौकीतली आमची चाळीतली खोली २२० फुटांची, त्यात माणसं चार. मी, नवरा, सासूबाई आणि साडेचार वर्षांची लेक. पोटमाळ्याच्या शिडीवरून लेक दुसऱ्यांदा पडली त्या रात्री नवरा म्हणाला, "बास झालं, आता इथून निघायचं." २०२४चा फेब्रुवारी होता. जूनमध्ये शाळा नव्या ठिकाणीच सुरू व्हायला हवी, एवढंच ठरलं. कुठे, ते ठरायला पुढचे अकरा आठवडे गेले.

माझं ऑफिस फोर्टात, नवऱ्याचं ऐरोलीत. मी वहीत रकाने पाडले: भाडं, चौरस फूट, स्टेशन, शाळा. एक रकाना राहून गेला तो पोरीला सांभाळायचा, कारण चाळीत तो प्रश्न कधी आलाच नव्हता. गॅलरीतली आठ दारं दिवसभर उघडी. सासूबाईंचे गुडघे धरले की पलीकडच्या काकू लेकीला भरवून मोकळ्या होत. मला सातचे आठ झाले तरी कुणाला फोन करावा लागत नसे.

ऐरोली पहिल्याच आठवड्यात कटाप. नवरा चालत ऑफिसला गेला असता, पण मला रोज ठाण्याला गाडी बदलावी लागली असती. सकाळी आठला ठाण्याच्या पुलावरून कडेवर पर्स घेऊन एकदा गेलेल्या बाईला जास्त समजवावं लागत नाही.

मग ठाण्याचा घोडबंदर रोड. रविवारी सकाळी अकराला कासारवडवलीचा एक टॉवर बघायला गेलो. अठराव्या मजल्यावर सॅम्पल फ्लॅट, समोर येऊरचे डोंगर, खाली पोहण्याचा तलाव. लेक त्या तलावाकडे बघून जागची हलेना. "स्टेशनपासून वीस मिनिटं," एजंट म्हणाला. येताना रिक्षाला चोवीस लागली होती, म्हणजे फार खोटंही नव्हतं. घरी येऊन बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला, तर ताब्याची तारीख एजंटने सांगितलेल्या तारखेच्या दीड वर्ष पुढची. तरी नवरा म्हणाला, तोवर तिथेच भाड्याने राहू.

ऑफिसातली मैत्रीण ठाण्याचीच. ती म्हणाली, "रविवारी कसलं घर बघतेस? कामाच्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघ." म्हणून एका गुरुवारी एकटीच गेले. सीएसएमटीहून सव्वासहाची फास्ट, सातला ठाणे. इथपर्यंत हार्बर लाइनवाल्यांना हेवा वाटावा असा प्रवास. पूल चढून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंचावरच्या बसथांब्यावर आले तर बसची रांग वळण घेऊन गेलेली. शेअर रिक्षात मागे तिघी बसलो. माजिवड्याला थांबलो, कापूरबावडीला थांबलो. डाव्या-उजव्या बाजूला उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, मधे मेट्रो ४ चे नुसते खांब. शेजारच्या बाईच्या मांडीवर चार्ट पेपरची गुंडाळी होती. तिने घरी फोन लावला, "वही काढून ठेव, मी मानपाड्याला आलेय." वीस मिनिटांनी परत फोन. "अगं, मानपाड्यालाच आहे." ती हसली, मग मीही हसले. टॉवरच्या गेटशी पोचले तेव्हा आठ एकतीस झाले होते. घड्याळाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

त्या रात्री वहीत पाचवा रकाना आला: 'सहा ते आठ'. म्हणजे लेक खेळून दमून घरात येते तेव्हापासून आम्हा दोघांपैकी कुणी दारात येईपर्यंत. हा वेळ सासूबाईंवर पडणार होता. मग घर माझ्या ऑफिसच्या हिशेबाने बघायचं की त्यांच्या गुडघ्यांच्या? इतके दिवस हे आम्ही त्यांना विचारलंही नव्हतं.

विचारल्यावर त्यांनी ठाण्यातलं नौपाडा सांगितलं. चूक काहीच नव्हती. स्टेशनहून चालत बारा मिनिटं, रिक्षाची भानगड नाही. तलावपाळी, गडकरी रंगायतन, १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळं मराठीत. मी स्वतः जवळजवळ हो म्हटलं होतं. पण आमच्या पैशात मिळत होता तो जुन्या इमारतीतला तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पुनर्विकासाच्या बैठका चालू. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सासूबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "वरचे फोटो काढून आण गं." फोटो काढले. खिडकीत पिंपळ होता. परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही.

खारघर ही नवऱ्याची आवड. रुंद रस्ते, डोंगर, सेंट्रल पार्क, आणि आदल्या नोव्हेंबरात सुरू झालेली मेट्रो. ही मेट्रो बेलापूर स्टेशनला नेते, तिथून पुढे आपली लोकल आहेच. सेक्टर ३५ मधला फ्लॅट चाळीच्या मानाने राजवाडा होता. खाली उतरलो तर गेटातून टँकर आत येत होता. वॉचमनला सहज विचारलं, तर म्हणाला, "मार्चपासून रोज दोन." नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून आम्ही पाण्याची चिंता वहीत धरलीच नव्हती. खारघर पनवेल महापालिकेत येतं, हे तिथे उभं राहून कळलं. मधे एका दलालाने उलव्याचंही सांगितलं, "अटल सेतूवरून वीस मिनिटांत मुंबई." आमच्याकडे गाडी नाही, आणि असती तरी एका फेरीचा टोल २५० रुपये. या लोकांच्या घड्याळात वीसच्या पुढे काटा जात नाही.

नवी मुंबईतलं, हार्बर लाइनवरचं नेरूळ उरलं म्हणून बघायला गेलो, खरं तर. या वेळी शहाणपण करून मंगळवारी संध्याकाळी, आणि फ्लॅटच्या आधी सासूबाईंना घेऊन खाली सेक्टर फिरलो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने सेक्टर पाडताना शाळा, बाग, बाजार पायी जाता येईल असे ठेवले, हे ऐकून होते. सासूबाईंनी ते पावलांनी मोजलं. गेटपासून भाजीबाजार सहा मिनिटं, वाटेत चढ नाही. बाग चार मिनिटांवर. तिथे घसरगुंडीजवळच्या बाकावर सात-आठ आज्या बसल्या होत्या, एकीने सरकून जागा दिली. मी नळाला पाणी किती तास येतं ते विचारायला निघाले तोवर सासूबाईंनी विचारूनही घेतलं होतं.

माझा प्रवास ठाण्यापेक्षा लांबला, हे कबूल. हार्बरला फास्ट गाडी नाही, सीएसएमटीला तासभर धरायचा. पनवेलहून येणाऱ्या गाडीत सकाळी पाय ठेवायला जागा नसते, पण बेलापूरहून सुटणारी पकडली तर बसायला मिळतं, आणि तासभर बसून जाणं आणि पाऊण तास लोंबकळत जाणं यात मी पहिलं घेईन. नवऱ्याला ठाण्याची ट्रान्स हार्बर गाडी सरळ ऐरोलीला सोडते. तो साडेसहाला घरात. पाचवा रकाना भरला.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ही तुझी गाडी कॉटन ग्रीनला थांबते ना?"

मेमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहायला आलो. विकत घ्यायचं ते एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून मगच, असं मी बजावलं होतं, आणि ते बरं झालं. पहिल्या पावसात आमच्या भाड्याच्या घराची पश्चिमेची भिंत अशी पाझरली की कपाट मधोमध ओढून ठेवावं लागलं. २०२५मध्ये घेतलं ते शेजारच्या गल्लीत, पूर्वेचं, लिफ्टवालं.

कागदपत्रांत दोन गोष्टींनी घाम काढला. इमारत सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवरच्या जमिनीवर, म्हणून नाव बदलायला सिडकोची एनओसी आणि ट्रान्सफर चार्जेस. ते कोण भरणार हे टोकन देताना लिहून घेतलं नाही, ही आमची चूक. विकणारा म्हणे घेणाऱ्याने भरायचे, दलाल छताकडे बघत होता. शेवटी निम्मे-निम्मे. दुसरी भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याच्या दाखल्याची, ओसीची. बँकेने ओसी मागितली, सोसायटीच्या फायलीत ती नव्हती. तीन आठवड्यांनी माजी सेक्रेटरींच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराखाली सापडली.

मुद्रांक शुल्क इथे मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, खरेदीदार फक्त बाई असेल तर ६. करार ७८ लाखांचा, म्हणजे सरळ ७८ हजार वाचत होते. नोंदणी शुल्काचे ३० हजार वेगळे. घर एकट्या माझ्या नावावर करायचं म्हटल्यावर मी सासूबाईंकडे चोरून बघितलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वाचले त्यातून माझ्या खोलीला एसी लाव."

एसी लागला. लेकीची शाळेची बस पावणेसातला खाली येते, संध्याकाळी ती आणि आजी बागेतच असतात. सेक्टरात उघडी दारं मात्र नाहीत, बेल वाजवावी लागते. सासूबाई अजून दर रविवारी चाळीत जायला निघतात, आणि दर शनिवारी रात्री मला मोबाइलवर बघायला लावतात, उद्या हार्बरला मेगाब्लॉक आहे का. बहुतेक वेळा असतोच.