बोट माझं, झटका त्यांचा

टीबीचं औषध धडधाकट माणसाला कशाला? मेंदूला चुंबकीय झटके देण्याच्या प्रयोगात भाग घ्यायचा होता; संमतीपत्रावर सही करण्याआधी मी हेच विचारलं. संशोधक बाई म्हणाल्या, "सायक्लोसेरीन जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही, म्हणून ते अँटिबायोटिक. पण मेंदूत ते चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, ग्लायसीन या मेंदूतल्याच रसायनाच्या जागी जाऊन बसतं." शिकताना चेतापेशींमधले जोड पक्के होतात ते याच रिसेप्टरमुळे. टीबीच्या रुग्णाला दिवसाला 500 मिलिग्रॅम किंवा जास्तही देतात, आणि त्यात फिट येण्याचा, मन बिघडण्याचा धोका असतो. आम्हाला एकदाच, 100. एके दिवशी औषध, एके दिवशी नुसती पूड. कधी काय, ते त्यांनाही माहीत नाही.

फिट, पेसमेकर, डोक्यात धातू, सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि कॅप्सूल गिळून दोन तास बसून राहिलो.

मग डोक्यावर घट्ट टोपी, कानात बोळे, उजव्या तर्जनीच्या मुळाशी स्नायूतली वीज मोजायला इलेक्ट्रोड. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, चुंबकीय झटके देणारी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकली. टक्! मांडीवर पडलेलं माझं बोट उडालं. मी हलवलं नव्हतं. पुन्हा टक्, पुन्हा बोट. हसू आलं, आणि जरा भीतीही वाटली.

नेमकी जागा सापडल्यावर त्या जोर कमी करत गेल्या. दहा झटक्यांपैकी पाचांना स्नायूत निदान 50 मायक्रोव्होल्टची लहर उमटेल असा सगळ्यात कमी जोर, तो माझा उंबरठा. उंबरठा खाली म्हणजे मेंदू जास्त उत्तेजनशील. "हात सैल सोडा," हे किती वेळा ऐकलं! स्नायू जरा आवळला की लहर फुगते आणि मोजणी वाया जाते. सैल सोडायचं म्हटलं की हात हमखास ताठतो.

त्यानंतर तीन मिनिटांत 600 झटके, तीन-तीनच्या झुबक्यांनी. मग तासभर थांबून थांबून तीच मोजणी. या झटक्यांनंतर लहरी वाढतात का, वाढलेल्या किती वेळ टिकतात आणि औषधानं त्यात फरक पडतो का, ते बघायचं होतं.

पहिल्या दिवशी डोकं जड, डोळ्यांवर झापड. औषध आजच, अशी माझी खात्री. दुसऱ्या खेपेला काहीच नाही. सगळं आटोपल्यावर कळलं, पहिल्या दिवशीची कॅप्सूल पुडीची होती. डोकं बहुधा टोपीनं धरलं असावं.

"मग औषधाच्या दिवशी माझ्या लहरी वाढल्या का?"

"एकाच माणसावरून काय सांगणार? एकाच हाताची लहर झटक्यागणिक बदलते," म्हणत बाई पुढच्या माणसाच्या मापाची टोपी शोधू लागल्या.