अनेक आजोबांचा नातू

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिराती ज्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत, त्यांना जुन्या घड्याळांच्या ऑनलाइन जाहिराती वाचायला वेगळी शिकवणी लागत नाही. 'ठाणे स्टेशनपासून पंधरा मिनिटं' म्हणजे पहाटे तीन वाजता, हे आपल्याला कळतं. 'येऊर व्ह्यू' म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून डावीकडे पाहिल्यास, हेही कळतं. गंमत म्हणजे त्यातलं काहीच धडधडीत खोटं नसतं. पहाटे तीनला पंधरा मिनिटंच लागतात. डोकं बाहेर काढलं की येऊरचा डोंगर दिसतोच. जुन्या वस्तू विकणारी मंडळी याच घराण्यातली. फक्त त्यांचा माल तळहातावर मावतो.

मला नाद आहे एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचा. बंगळूरला 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हा सरकारी घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं मध्यमवर्गाच्या मनगटावर दुसरं फारसं काही दिसेना. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही त्यातली मॉडेलं. चावी न देता चालणारं कांचन तर लग्नाच्या बोलणीत नाव घेऊन मागितलं जायचं. मग बॅटरीवरचं क्वार्ट्झ आलं, मोबाइल आला, 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि जी घड्याळं भंगारवाल्यानेही वजनावर घेतली असती, ती 'कलेक्टर्स आयटम' झाली. कारखाना बंद, पण 'न वापरलेला जुना स्टॉक' मात्र आटायचं नाव घेत नाही. दर आठवड्याला कुणाला तरी, कुठल्या तरी बंद दुकानाच्या कपाटात, अजून एक खोकं सापडतंच.

जाहिरातीचा मजकूर साधारण असा असतो: 'माझ्या आजोबांचं घड्याळ. फुल ओरिजिनल. मिंट कंडिशन. आजवर एकदाही उघडलेलं नाही. मला यातलं काही कळत नाही, फोटो बघून तुम्हीच ठरवा. सीरियस बायर्स ओन्ली. नो रिटर्न.'

यातल्या 'मिंट'ला किंवा 'ओरिजिनल'ला मी भीत नाही. फुशारकी मारणाऱ्याला पकडणं सोपं. एकदा एकाने '1952 चं एचएमटी' लावलं होतं. एचएमटी कंपनीच 1953 ची, आणि घड्याळं त्यानंतर आठ वर्षांनी. असल्या बहाद्दराचा रागही येत नाही. भीती वाटते ती 'मला यातलं काही कळत नाही' या वाक्याची. ज्याला काही कळत नाही, त्याला आतल्या मशीनचा नंबर 0231 आहे आणि ते सतरा ज्वेलचं, म्हणजे चाकांच्या टेकूला सतरा खडे बसवलेलं आहे हे नेमकं ठाऊक असतं. पायलटची काळी डायल जनतापेक्षा जास्त पैसे देते हेही ठाऊक असतं. नेमकं डायल पुन्हा रंगवली आहे का, हे विचारलं की अज्ञान दाटून येतं. 'मॅडम, आम्ही साधी माणसं.' या अज्ञानाला फार जपून वाढवलेलं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान पुढे-मागे पकडता येतं. न कळणाऱ्याला कशात पकडणार? शिवाय खरेदी करणाऱ्यालाही आतून गुदगुल्या होतात, की बिचाऱ्याला किंमत माहीत नाही, आपण स्वस्तात मारलं. फसवणारा तुमच्या हावरेपणाला आधी खुर्ची देतो, मग चहा विचारतो.

अशा वेळी मी त्या माणसाच्या बाकीच्या जाहिराती उघडते. तिथे आजोबा भेटतात. एक आजोबा रेल्वेत होते, त्यांचं कोहिनूर. एक लष्करात होते, त्यांचा अर्थातच पायलट. एक गिरणीत जॉबर, एक मामलेदार कचेरीत. सगळे एकाच गृहस्थाचे आजोबा, आणि सगळ्यांनी घड्याळ कपाटात ठेवून हात उघडाच ठेवला, कारण एकाही घड्याळावर चरा नाही. एखाद्या नातवाला दोन आजोबा असतात, चुलत-मावस धरून आणखी चार-पाच. त्यापुढे मात्र गणित बसत नाही.

हे आजोबा कायद्याच्याही बाजूने सोयीचे आहेत. 2020 साली ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे नियम आले. विक्रेत्याने मालाचं वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळतं ठेवावं, तक्रार आली तर अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी, महिन्याभरात ती निकालात काढावी, असं त्यात आहे. पण जो माणूस नियमित धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर एखादी वस्तू विकतो, त्याला हे नियम लागू नाहीत. आता घरातलं आजोबांचं घड्याळ विकणं याहून वैयक्तिक काय असणार?

तक्रारीचं सांगायचं तर मी तीही करून पाहिली आहे. एका साइटच्या माणसाने फार नम्रपणे फोन केला.

'मॅडम, घड्याळ चालतंय का?'

'चालतंय.'

'टाइम बरोबर दाखवतंय?'

'हो, पण डायल रंगवलेली आहे. वर्णनात ओरिजिनल लिहिलं होतं.'

'म्हणजे आता डायल चांगली दिसतेय ना?'

'चांगलीच दिसतेय, तोच तर...'

'मग मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?'

खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. नौपाड्यातल्या एका गल्लीत माझे एक घड्याळजी बसतात, डोळ्याला भिंग लावून, टेबलफॅनला पाठ करून, कारण वाऱ्याने केसासारखी स्प्रिंग उडते. त्यांच्यापुढे मी हाच राग काढला, तर ते भिंग न काढताच म्हणाले, 'ताई, डायली तर आम्हीच रंगवून आणायचो. तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणायचं? डायल पिवळी पडलीय, पोराच्या लग्नात द्यायचंय, नव्यासारखी करून द्या. मी मुंबईला पाठवायचो. चकचकीत होऊन यायची, माणूस खूश होऊन जायचा.'

यात काही गैर नव्हतं. आपल्याकडची हवा दमट. पावसाळ्यात काचेखाली वाफ धरते आणि डायलवर डाग पडतात. परदेशी घड्याळ असेल तर सुटी डायल मिळणं मुश्कील, कारण तेव्हा आयातीवर बंधनं होती. मग जुना रंग खरवडायचा, नवा थर द्यायचा, त्यावर नाव आणि आकडे पुन्हा छापायचे. तो कारागिरीचा धंदा होता आणि तो उजळ माथ्याने चालायचा. तेव्हा घड्याळ वेळ बघायला असायचं. डाग हे वयाचं लेणं आहे आणि त्याला हात लावू नये, ही श्रद्धा पुढे जमवणारे लोक घेऊन आले. तीच रंगवलेली डायल आज 'एकदाही न उघडलेली' म्हणून फोटोत बसते, तेव्हा रंगाऱ्याचा गुन्हा काहीच नसतो. लिहिणाऱ्याचा असतो.

जगभरच्या घड्याळ जमवणाऱ्यांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलीचं स्विस किंवा जपानी घड्याळ, केस, म्हणजे बाहेरची डबी, एकाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. ठाणेकर म्हणून मला याची जरा मौज वाटते. चांगल्या गोष्टींत मुंबई आम्हाला धरत नाही, हे ठीक. इथेही आमचं स्वतंत्र नाव नाही.

वर्णनं वाचून वाचून आता मी मजकुराकडे उशिरा वळते. आधी फोटो. सहा फोटो असले आणि सहाही फोटोंत सेकंदकाटा एकाच जागी असला, तर 'रनिंग कंडिशन' हे शब्द मी वाचतच नाही. मिनिटांच्या बारीक रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का? अक्षरांच्या कडा शाई फुटल्यासारख्या जाड आहेत का? केसचे कान, म्हणजे पट्टा अडकतो ते कोपरे, पॉलिशच्या चाकावर झिजून गोल झालेत का? डायल बाहेर काढलेली दिसली तर कडेला छोटीशी खाच आहे का? ती रंगाऱ्याने छापताना दिशा चुकू नये म्हणून पाडलेली असू शकते. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो दिलेला नसेल तर तो नसणं हाही एक फोटोच.

सगळ्यात आवडता पुरावा मात्र विक्रेताच आपण होऊन देतो. 'साठच्या दशकातलं स्विस घड्याळ, अनटच्ड' असं लिहून खाली दिवे मालवून काढलेला फोटो: काटे आणि आकडे हिरवेगार चमकताहेत. साठच्या दशकात अंधारात चमकण्यासाठी लावायच्या लेपात किरणोत्सारी रेडियम जाऊन ट्रिटियम आलं. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण 12.3 वर्षं, तेवढ्या काळात ते निम्मं उरतं, म्हणजे साठ वर्षांत ते जवळजवळ संपतं. रेडियम स्वतः हजारो वर्षं टिकतं, पण त्याच्या माऱ्याने त्याच्यासोबतचा चमकणारा पदार्थच जळून जातो. तेव्हा त्या काळचं हात न लागलेलं घड्याळ अंधारात अंधारासारखंच दिसायला हवं. ते काजव्यासारखं चमकतंय म्हणजे कुणीतरी अलीकडे नवा लेप दिला आहे. विक्रेत्याने मोठ्या हौसेने लावलेला तो फोटो मी सेव्ह करून ठेवते.

एवढं होऊनही घड्याळात जीव अडकला, तर निरोप पाठवते. मशीनचा फोटो, आणि घड्याळाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे फोटो कुठून उचललेला नाही एवढं कळतं. उत्तरं मोठी वाचनीय येतात. एकाने कळवलं, 'मॅडम, झाकण उघडलं तर ओरिजिनॅलिटी जाईल.' जणू आत गॅस भरला आहे. दुसऱ्याने विचारलं, 'सरांना गिफ्ट द्यायचंय का? मग एवढं कशाला बघता?' तिसरा थेट मुद्द्यावर आला: 'पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर क्लेम चालणार नाही.' त्याच्या बाजूनेही हे रास्तच आहे म्हणा. चांगलं घड्याळ घेऊन त्यात आपलं मेलेलं मशीन टाकून परत पाठवणारे गिऱ्हाईकही याच बाजारात आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

क्वचित एखादा वेगळा भेटतो. एकाने लिहिलं होतं: 'काटे मूळचे नाहीत. डायल रंगवलेली. काचेला बाराजवळ चरा. दिवसाला मिनिटभर मागे पडतं. पट्टा फेकून द्या.' असला मजकूर मी दोनदा वाचला, सुखासाठी. ते घड्याळ बरेच दिवस तिथेच पडून होतं. त्याच्याच शेजारचं पोपटी डायलीचं, मिलिटरीतल्या आजोबांचं, संध्याकाळपर्यंत गेलं. खोटं वर्णन लिहिणारा ते हवेत लिहीत नाही. समोर कुणीतरी तेच वाचायला बसलेलं असतं. आपल्याला घड्याळ हवं असतं, पण त्याहून जास्त ते कुणाच्या तरी हातात होतं हे हवं असतं, आणि तो कुणीतरी शक्यतो सैन्यातला असावा.

मागे माझ्याकडे दोन सारखे कोहिनूर झाले, म्हणून एक काढायचं ठरवलं. वर्णन लिहायला बसले तेव्हा नवरा पाठीमागून वाचत होता. डायल बहुधा मूळची, कडेला बुरशीचा डाग, चावी बदललेली, केसला पॉलिश झालेलं, सर्व्हिसिंग गेल्या वर्षी नौपाड्यात. नवरा म्हणाला, 'हे विकायचंय की याची शोकसभा आहे? निदान तुझ्या बाबांचं होतं एवढं तरी टाक.' बाबा आयुष्यभर दुसऱ्यांना वेळ विचारत फिरले. टाकलं नाही.

दोन आठवडे शांतता. मग डोंबिवलीच्या एका मुलाचा निरोप आला. 'मॅम, वर्णन वाचलं. एवढं सगळं स्वतःहून सांगितलंय, म्हणजे खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे ना?'

मी मशीनचा फोटो पाठवला, तारखेच्या चिठ्ठीसकट. त्याने सेकंदकाटा फिरतानाचा व्हिडिओ मागितला, तोही पाठवला. मग डायलच्या कडेचा जवळून फोटो मागितला. शेवटी म्हणाला, समक्ष बघेन. शनिवारी ठाणे स्टेशनला, सॅटिस पुलाखाली, रिक्षांच्या रांगेशेजारी तो उभा होता, कॉलेजातला असावा, आणि त्याने खिशातून स्वतःचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. लोक आमच्या मधून वाट काढत जात होते. मग भिंग ठेवून त्याने दोनशे रुपये कमी करायला सांगितले. चावी बदललेली आहे म्हणाला.